शेक

डॉक्टर म्हणाले, शेक घ्यायचा की नाही
ते घरी बोलून ठरवा.
शेक म्हटल्यावर मला आधी बाज आठवली,
बाजेखाली फुटक्या खापरात निखारे,
माय वरून ओवा टाकायची,
धूर पाठीत शिरायचा, छाती दुधानं ठणकायची
आणि निकेश आठ दिवसांचा, मुठी आवळून.
हा तो शेक नाही बाई, नर्स म्हणाली.
याचा निखारा दिसत नाही.

पंचवीस दिवस. शनिवार-रविवार सुट्टी.
म्हणजे पाच आठवडे नागपूरला, प्रणोतीच्या घरी,
दोन खोल्यांत,
जिथं जावयासमोर मला अजून पाय पसरता येत नाहीत.

तीस वर्षं ब्लाउज शिवते मी.
गावातल्या बायांच्या छात्या मला इंचात पाठ आहेत.
सिंधू मत्तेची छत्तीस, बाळंतपणानंतर अडतीस.
लीलाबाई आसुटकर बत्तीसची तीस झाली,
घरात कुणाला कळलं नाही, मला कळलं.
माझी गाठ मात्र टेपखाली आलीच नाही.
स्वतःचं माप कोण घेतं?

डॉक्टरांनी कागदावर आकडे काढून दिले होते.
घरी आल्यावर शंभर हुकांचं पाकीट मशीनवर ओतलं.
शेक नाही घेतला तर वीस हूक इकडे.
घेतला तर पाच, फार तर सहा.
बोटानं सरकवत बसले, परत मिसळले, परत मोजले.
एकाही हुकावर माझं नाव नव्हतं.
निकेशचे बाबा आले, म्हणाले, "सांडले काय?"
आणि खाली बसून
फरशीच्या भेगेतले वेचू लागले.

कापूस वेचायला जाणाऱ्या बाया दारात थांबून सांगून जातात.
खैरीच्या इंदूनं घेतला, कातडी भाजल्या वांग्यासारखी झाली,
पण पंधरा दिवसांखाली हरभऱ्याची भाजी खुडताना दिसली.
मारेगावच्या मास्तरीणबाईनं घेतला, तरी गेली.
शेवंता म्हणते, "जाऊन ये वं, जीवापरीस काय हाय?"
तिची जाऊ म्हणते, "कापलं न एकदा, मंग आता जाळता कायले?"
दोघींचे ब्लाउज माझ्याकडे अडकलेत.

रात्री यांना म्हटलं, तुम्ही सांगा.
"तू म्हणशील तसं."
एकतीस वर्षांत हे वाक्य
मला पाहिजे होतं तेव्हा एकदाही मिळालं नाही.

डावी बाजू सपाट आहे आता.
टाके मोजलेत मी. बरे घातलेत, काखेपाशी जरा ओढून.
मी असते तर तिथं कापड ढिलं सोडलं असतं.
नर्स सांगत होती, छातीवर शाईनं रेघा मारतात, फुल्या करतात,
शेवटच्या दिवसापर्यंत पुसायच्या नाहीत.
मला हसू आलं. खुणा करणं मला काय शिकवता?
मग एसटीत, जामच्या फाट्यावर,
हसू गेलं.
कापड होऊन मी कधी टेबलावर पडले नव्हते.

परवा मायचं मऊ झालेलं पातळ फाडलं.
समोरून नाड्या, डाव्या काखेत शिवण नाही, सगळीकडून सैल.
कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, गिऱ्हाईकाचं आहे.
दार लोटून टेप लावला.
उजवीकडे नेहमीसारखा फिरला,
डावीकडे बरगडीवर तसाच पडून राहिला.
आकडा वहीत लिहिला. माझ्या नावाचं पान नव्हतं,
मागच्या पुठ्ठ्यावर लिहिला,
दळणाच्या हिशोबाखाली.

तेवढ्यात शेवंता दारात. "माह्या ब्लाउज कवा देतं?"
"होळी झाल्यावर ये," तोंडातून निघालं.
ती बोटांवर महिने मोजत राहिली,
मग काही न बोलता
टोपल्यातली चार वांगी ओट्यावर ठेवून गेली.

सोमवारी वणीहून सकाळची गाडी मिळाली.
मशीनला तेल दिलं होतं, झाकण लावलं होतं,
बॉबिनचा डबा वर ठेवला होता.
सुई काढली होती की नाही
ते वरोऱ्यापर्यंत आठवत नव्हतं.